तिथीमावशींचा चैत्र

तिथीमावशींना नुसतं ‘काल’ म्हणता येत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं होतं अशी कुणी तक्रार केली की पदर खोचून त्या विचारीत, “कवा? दशमीले का एकादशीले? एकादशीले मी उपाशी होती. चाखणार कोन?” तक्रार करणारा तिथी आठवत बसे आणि तोवर त्याच्या पानात दुसरी भाकर पडे.

अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढची पडवी, एवढ्यात त्यांची खानावळ होती. मी कचेरीत नकलनवीस. दोन्ही वेळ त्यांच्याच पाटावर बसायचो. खोल्यांबद्दल त्यांचा कायदा साफ होता : “भाडं देलं का भिंत मालकाची, अन् आतली हवा माही.” भिंतीचे मालक म्हणजे आमचे मारवाडी शेटजी. माणूस गोड होता, मावशींच्या ठेच्यावर जीव टाकणारा.

पण तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला आणि इकडच्या कापसाला असा भाव आला, की लोक गोठ्यातली गुरं बाहेर बांधून आत कापूस भरू लागले. शेटजींची नजर आमच्या पडवीवरून फिरू लागली. जेवता जेवता ते वितीनं भिंत मोजत. भाडेचिठ्ठीत एक ओळ होती : भाडं थकलं तर खोल्या सोडाव्या. मावशींनी वर्षाचं भाडं म्हणून अकोल्याच्या एका मराठी पेढीवरची हुंडी दिली होती. चैत्र वद्य पंचमीला हुंडी दाखवायची की पेढीनं पैसे मोजायचे.

एके दुपारी शेटजी आपल्या बैलांच्या दमणीतून थेट दारात उतरले. पागोटं गुलाबी, मिशी हिरवी. मागे कापसाच्या तीन गाड्या.

“मावशी, हुंडी वापस आली,” ते म्हणाले. “पेढीवाले नाही म्हणाले. भाडं थकलं. आता खोल्या खाली करा. कापूस रस्त्यावर उभा आहे.”

आमचे घास हातातच राहिले. शेजारच्या पाटावरच्या कापूस-दलालानं तर ताट उचलून छातीशी धरलं, जणू त्यालाही गाडीत भरणार होते. मावशी मात्र पोळी उलथत होत्या.

“कोन्या दिवशी गेलते, शेटजी?”

“हुंडीवर लिहिलं त्याच दिवशी. चैत वद पंचमी.”

“अन् पागोट्याले रंग कायचा लागला?”

“पेढीवालेच खेळत होते. रंगपंचमी होती ना.”

मावशींनी उलथनं खाली ठेवलं आणि आमच्याकडे वळल्या. “आयका, बाप्पा. रंगपंचमी चैत्रात येते म्हणतेत. आमी अडाणी, आजवर फाल्गुनात खेळून राहिलो.”

शेटजींच्या मुलखात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक घर पुढं असतो. शेटजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण कापूस चढला की पंचांगही आपल्याच बाजूनं बोलतं.

“आमच्यात चैतच चालू आहे,” ते पुटपुटले.

“तुमच्यात असन. हुंडी मराठी हाय. पेढीवाला काय म्हणाला, सांगा बरं. नाही म्हणाला, का आत्ता नाही म्हणाला?”

शेटजींनी मिशी पुसली. हात हिरवा झाला. “आत्ता असं काहीतरी म्हणाला खरा.”

पडवी अशी हसली की बाहेरचे बैल बुजले. गाड्या परत गेल्या, पण हुंडी अजून वटायची होती आणि तो महिना आम्ही सगळे बोटांवर मोजत जेवलो. आपल्या चैत्र वद्य पंचमीला मावशी स्वतः शेटजींच्या दमणीत बसून अकोल्याला गेल्या. पेढीवर म्हणाल्या, “जे सांगाचं ते मोठ्यानं सांगा. आमच्या शेटजीले अर्धंच आयकू येते.” पैसे मिळाले. खोल्या राहिल्या. परतीच्या वाटेवर दोघांनी एकाच शिदोरीतून ठेचा खाल्ला, हे शेटजींनीच मला सांगितलं.

मग लढाई संपली, कापूस कोसळला. गल्लीतल्या कोठारांत चिमण्या राहू लागल्या. दलाल गेले, पडवीत मी आणि आणखी दोघे उरलो. मावशींनी बाळापूरला भावाकडे जायचं ठरवलं. अमावास्येला गाडी भरली, तवा सर्वांत वर.

शेटजी चाकाशी येऊन उभे राहिले. “कुठं, मावशी?”

“महिना भरला, शेटजी. चिठ्ठी संपली.”

“तुमचा भरला. आमचा पौर्णिमेला भरतो. पंधरा दिवस बाकी आहेत.”

मावशींनी बोटांवर पंधरा मोजले. मग गाडीवानाला म्हणाल्या, “तवा उतरव, बापू. हुंडी मराठी होती, खोल्या मारवाडी हायेत.”

पंधरा दिवस आम्ही जेवलो, आणि शेटजी रोज. पौर्णिमेला गाडी पुन्हा भरली. या खेपेला मात्र शेटजींना तिसरं पंचांग सापडलं नाही.