दुसऱ्याच्या हातचं वर्तुळ

कर्वेनगरच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले आणि त्याच आठवड्यात यशवंत रानवडे सरांशी माझा खटका उडाला. तासाआधी फळा पुसायला मी शिपाई काशीनाथ यांना पाठवलं होतं. सरांनी त्यांना दारातूनच परत धाडलं. वर निरोप, "बाईंना सांगा, माझा फळा मी पुसतो." सर भूमिती शिकवत. कंपासाशिवाय, एका झटक्यात फळ्यावर वर्तुळ काढत आणि ते चुकत नसे. याचा त्यांना अभिमान होता. नव्हता असं लिहिणं खोटं होईल.

पुढे सरांचे हात थरथरू लागले. हे थांबणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दहावीचा वर्ग त्यांच्याकडे होता. एके दिवशी वर्तुळाची टोकं जुळली नाहीत. मधल्या सुट्टीत सरांनी राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. मीही तो स्वीकारणारच होते. आकृतीवाचून भूमिती शिकवणार कशी?

पाण्याचा तांब्या ठेवायला आलेले काशीनाथ तिथेच थबकले. "सर, मी काढतो की. धायरीत गवंडीकाम केलंय. दोरीनं गोल मारायची सवय हाय हाताला."

"तुम्ही आकृती काढणार, मग मी काय करू?"

"तुम्ही बोला. मला कुठं तसं बोलता येतंय?"

सरांनी राजीनाम्याचा कागद उचलून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी काशीनाथ यांनी दोरीला खडू बांधून वर्तुळ काढलं. भरल्या वर्गासमोर सरांनी थरथरते हात जोडले. "काशीनाथराव, आभारी आहे." निवृत्तीपर्यंत सरांचा एकही तास हे म्हटल्यावाचून सुरू झाला नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे शिपाई भूमिती शिकवतात वाटतं?" सर म्हणाले, "नाही, मीच शिकवतो. पण यांच्यावाचून मला शिकवता येत नाही."

हे जमलं कसं, असं मी एकदा सरांना विचारलं. "अहो बाई, वर्तुळ नीट यायचं तेव्हा तरी तो हात मी कुठे घडवला होता? देवाने दिला होता. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आता मानतो."

आज पंचाहत्तरीत सरांना शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. पत्नी लावतात. शेवटचं बटण लागेपर्यंत सर मान किंचित लववून उभे असतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, एवढंच लिहून थांबले, तर ते म्हणतील, "निम्मंच मागितलंत, बाई." म्हणून पुरतं मागते. सरांना उदंड आयुष्य लाभो आणि ज्याला निःसंकोच हाक मारावी असं माणूस अखेरपर्यंत त्यांच्या जवळ असो.