उजव्या हाताचं पांढरं घर

काल मालिकेत नायकानं बुद्धिबळाचा डाव जिंकला, पण माझी नजर पटावरच अडली. त्याच्या उजव्या कोपऱ्यात काळं घर होतं.

धरमपेठेतल्या घरी ताईला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही टीव्हीवर असाच सिनेमा चालू होता. पोह्यांच्या बश्या देता देता ताई हसून म्हणाली, "पट चुकला ना! उजव्या हाताले पांढरं घर पाहिजे." पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. लग्न मोडेल या भीतीनं मी म्हणालो, "तू चूप बस वं, तुले काय समजते!" मला बुद्धिबळ तिनंच शिकवलं होतं, हे मी सांगितलं नाही. ताई चूप बसली. लग्न जमलं.

काल मी तिला फोन केला. "ताई, टीव्हीवर पट चुकला पाह्य!"

"असंन गा," ती म्हणाली. "मले काय समजते त्यातलं."