तळहातावरचं काळं कडं

आमच्या मागच्या अंगणात निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर बोटीचं एक जुनं इंजिन पाच दिवस टांगलेलं होतं, आणि त्या पाच दिवसांत माझा जेवढा गोंधळ उडाला तेवढा लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हाही उडाला नव्हता. इंजिनातलं मला काही कळत नाही, ते सोडा. पण जे कळतं असं मी धरून चालले होते, तेही डळमळलं.

मुळापासून सांगते. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत नदीचं पाणी मोजायचे. पानिपतला असताना यमुनेवर त्यांची बोट होती, तिच्या मागे हे इंजिन लावलेलं. दोरी ओढून चालू करायचं, दांड्याने वळवायचं. निवृत्तीच्या सुमाराला कचेरीने जुनं सामान मोडीत काढलं, त्यातून यांनी ते घरी आणलं. तेव्हापासून दिल्लीच्या या तळमजल्यावर जिन्याखाली चादरीत गुंडाळून पडलेलं.

आता आम्ही गुरुग्रामला मुलाकडे निघालोय, एकविसाव्या मजल्यावर. तिथल्या सोसायटीत पेट्रोलचं काही वर नेऊ देत नाहीत. हे यमुनेकाठी फिरायला जातात तिथे एक नाववाला आहे. मागच्या पुरात त्याने काठच्या झोपड्यांतली माणसं नुसत्या वल्ह्यांवर बाहेर काढली. यांनी त्याला शब्द दिला, इंजिन चालू करून देतो, घेऊन जा. रविवारी सकाळी तो यायचा होता. त्याच दिवशी दुपारी रद्दी न्यायला भंगारवाला येणार होता. चालू नाही झालं तर इंजिन त्याच्या काट्यावर.

"काट्यावर नाही जाणार ते," हे म्हणाले. "माझं इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं. विचार तुझ्या भावाला."

हे मात्र खरं. पुण्याहून कुणी पानिपतच्या लढाईचं काला अंब बघायला आलं की उतरायचं आमच्याकडेच. स्मारकापुढे डोळे पुसून झाले की हे पाहुण्यांना नदीवर न्यायचे आणि ऐटीत दोरी ओढायचे. एकदाच. फटफटफट! माझ्या थोरल्या भावाने तर टाळ्या वाजवल्या होत्या.

बुधवारी इंजिनाचा पंखा बुडेल एवढं पाणी पिंपात भरलं, ऑइल मिसळलेलं नवं पेट्रोल घातलं, दोरी ओढली. काही नाही. वीस वेळा ओढली. काही नाही.

"खांदा सांभाळा हो."

"खांद्याचं काय? इंजिनाकडे बघ."

मी बघत होतेच. मला काय दिसणार?

कोपऱ्यावरच्या स्कूटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वरचं झाकण काढलं, प्लग काढून पुसला, ठिणगी पाहिली. "आंटीजी, करंट तो बढ़िया है. पेट्रोल भी आ रहा है." मग दोघं आलटून पालटून ओढत बसले. दुपारी अंगणात ऊन आलं तेव्हा भसकन धूर सुटला आणि इंजिन चालू! बंद केलं, पुन्हा ओढलं, एका झटक्यात चालू. तीनदा करून पाहिलं. "लो जी, बिल्कुल फिट!" यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने आत जाऊन शिरा केला.

गुरुवारी सकाळी पुन्हा मढं.

आता सांगा, काल दुपारी गाणारं इंजिन आज सकाळी मुकं का? रात्रीत कुणी काय केलं त्याला? मुलाने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहून फोन केला. "बाबा, चोक ओढा. थंड इंजिनाला हवा कमी लागते, चोकने हवेची वाट बंद होते."

"ओढलाय रे! दट्ट्या बाहेर आलाय, दिसतोय मला."

शेजारची पंजाबी बाई भिंतीवरून म्हणाली, "जी, इसे ठंड लग गई है." मला ते पटलं. दिल्लीची जानेवारीतली थंडी, माणसाचे गुडघे चालत नाहीत तर याचं काय! मी त्या रात्री इंजिनावर गोधडी घातली आणि शुक्रवारी सकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन गेले.

"अगं, ते काय बाळंतीण आहे?"

"मग तुम्ही सांगा काय आहे ते!"

 शुक्रवारी दुपारी तासभर ओढल्यावर सुरू झालं, शनिवारी सकाळी परत गप्प. हे पायरीवर बसले. तळहात सोलवटलेले. "माझेच हात विसरले असतील," म्हणाले. नोकरीभर नदीच्या गोष्टी सांगणारा माणूस इतकं हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं.

काही सुचेना म्हणून मी इंजिनाच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. समोर एक गोल भोक, आमटीच्या लहान वाटीएवढं. कडेला काळा, तेलकट मळ. हे कडं मी कुठे पाहिलंय?

पानिपतला यांच्या हाताखाली एक खलाशी होता, बोट सांभाळायचा. सकाळी बोटीवरून यांचा डबा न्यायला घरी यायचा, तेव्हा मी त्याला चहा द्यायची. तो कप नेहमी डाव्या हाताने घ्यायचा. मला राग यायचा, एकदा बोललेही. तेव्हा त्याने ओशाळून उजवा तळहात दाखवला होता. मधोमध गोल, काळं, बांगडी टेकवल्यासारखं कडं. "नाव का काम है, बीबीजी." मी हात धुवायला बेसन दिलं. पुढे रोजच देत गेले.

मी उठले आणि त्या भोकावर तळहात दाबून धरला.

"अहो, ओढा."

"हात काढ. वेडी आहेस का?"

"ओढा म्हणते ना!"

पहिल्या झटक्याला हात आत ओढल्यासारखा झाला, पेट्रोल गार लागलं. दुसऱ्याला इंजिन खोकलं. मी दचकून हात काढला, त्यांनी तिसऱ्यांदा ओढलं आणि फटफटफट! शेजारणीचे वाळत घातलेले कपडे धुरात दिसेनासे झाले.

मला वाटलं, हे टाळी देतील. त्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा मी तळहातावरचं कडं दाखवून त्या खलाशाचं सांगितलं.

"मी आठला पोचायचो," म्हणाले. "तो त्याच्या आधी तासभर यायचा. मला वाटायचं, बोटीतलं पाणी उपसायला येतो."

म्हणजे बिघडलेल्या चोकचं काम तो तळहाताने करायचा, आणि साहेब येईस्तोवर इंजिन तापलेलं असायचं. गार इंजिन यांनी कधी चालू केलंच नव्हतं.

"सांगायचं ना त्याने मला! चोक दुरुस्त करून घेतला असता."

"तुम्ही विचारलं होतं?"

 पण मी तरी कुठे विचारलं होतं? नुसतं बेसन देत राहिले. तो साहेबाला घाबरायचा, की साहेबाची ऐट जपायचा, की त्याला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं, मला अजून उलगडत नाही. आता तो कुठे असतो तेही आम्हाला ठाऊक नाही.

रविवारी नाववाला आला. रात्रभर गार पडलेलं इंजिन. यांनी स्वतः भोकावर हात दाबला आणि त्याला दोरी ओढायला लावली. तिसऱ्या झटक्याला चालू. नाववाल्याने वाकून आत पाहिलं. "चोक की पत्ती घिस गई है, बाबूजी. खींचो तो भी पूरी बंद नहीं होती. बदलवा लूँगा. पर ये हाथ वाली तरकीब आपकी है?"

यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. 

"नहीं," म्हणाले. "हमारे खलासी की."

इंजिन टेम्पोत चढलं. हे आत येऊन बसले, मी चहा पुढे केला. त्यांनी कप डाव्या हाताने घेतला. मी काही न बोलता बेसनाचा डबा काढला.