जंबेरीच्या मुळातली बुरशी

आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. वहिनींच्या रोपांना बुरशीनाशक मी पाजलं होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. रोहण्याजवळ आमची संत्र्याची पन्हेरी होती. जंबेरीची, म्हणजे खुंटासाठीच्या रानलिंबाची रोपं वाढवायची, त्यांवर संत्र्याचा डोळा बांधायचा, कलमं विकायची. मोठा भाऊ वर्ध्याला नोकरीत, म्हणून सारं मी आणि वहिनी बघायचो. एकदा वहिनी प्रशिक्षणाला गेल्या आणि तिथे फुकट वाटलेली तपकिरी भुकटीची थैली घेऊन आल्या.

"भाऊजी, हे मित्र बुरशी हाय. मुळाले धरून राह्यते अन् मातीतलं खत रोपाले आणून देते."

"भाकरीवर आली तं फेकता, अन् जंबेरीले चारता?"

"तुमी नका चारू. तीन ओळी मले द्या फक्त."

रोपं वाफ्यातून पिशवीत लावताना त्यांनी प्रत्येक मुळाखाली चिमूटभर भुकटी टाकली. मला त्यात काळंबेरं दिसू लागलं. दर पावसाळ्यात बुरशीनंच होणाऱ्या मूळकुजीशी झगडणारे आम्ही. बुरशी फुकट वाटणारा माणूस कशाला वाटत असेल? आणि वहिनी वहीत काय लिहितात? खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खरं ठरल्यावर भाऊ पन्हेरी त्यांच्याच हाती देईल, हे मला खुपत होतं. त्या आर्वीच्या बाजाराला गेल्या, त्या दुपारी मी बुरशीनाशक कालवून झारी उचलली. शेवटच्या वीस पिशव्यांना पाजायच्या आधीच औषध संपलं.

तीन महिन्यांत तीच वीस रोपं बाकीच्यांपेक्षा वीतभर वर गेली, पानं गर्द हिरवी. वहिनी मोजायच्या आदल्या दिवशी मी ती माझ्या ओळीत नेली आणि माझी वीस त्यांच्या ओळीत ठेवली.

पट्टी घेऊन त्या माझ्या ओळीशी थबकल्या. "हे वीस काऊन असे वाढले? काय टाकलं, भाऊजी?"

"शेणखत."

"मंग माह्या थैलीचं काय कौतिक!" त्या हसल्या. वही मिटली. पुन्हा प्रशिक्षणाला गेल्या नाहीत.

त्यांनी ओळखलं होतं का? त्या नुसत्या माझ्या ओळीकडे वळल्या तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. काही वर्षांनी एकजण तीच भुकटी विकायला आला, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाल्या, "आमच्या मातीले नाई मानवत ते. भाऊजीनं पाह्यलं हाय." मी मान डोलावली.

वहिनी अजून आहेत. त्यांचा प्रयोग बरोबर होता आणि तो मी बिघडवला, एवढं त्यांना समोर बसून सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.