टाकीच्या खोलीचं दार

आखातात, फुजैराच्या मजूर कॅम्पात मी सळई बांधायच्या कामावर होतो. सातवीत शाळा सुटलेली. कुणी जोरात काही सांगितलं की ते करून टाकायचं, विचार मागाहून, अशी सवय लागलेली. ऑगस्टात पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. शेजारच्या कॅम्पची टाकी कोरडी पडली, आमच्या टाकीत थोडं होतं. तिकडची माणसं कुंपणाला धरून उभी राहायची आणि आमच्यातले काही जण त्यांच्यादेखत आंघोळ करायचे. मुद्दाम.

वॉचमन म्हातारा सुदानी. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. कुंपणापलीकडचे लोक आत घुसणार हे त्यानं ओळखलं आणि शुक्रवारी सकाळी रबरी नळी कुंपणाबाहेर सोडून दिली. माझ्या खोलीतला साताऱ्याचा वेल्डर हसला.

"चाचा, तुम्हारा ससुराल है क्या उधर?" म्हणत त्यानं नळ बंद केला.

दुपारी ते आले. वीस-पंचवीस जण, हातात फळ्या आणि दगड. फाटक त्यांच्याच ताब्यात, पळायचं कुठून? चाचानं मला आणि वेल्डरला टाकीच्या खोलीत ढकललं, एकेक लोखंडी पाइप दिला. दार एवढं अरुंद की एका वेळी एकच माणूस आत येईल. मोडक्या हिंदीत त्यानं बजावलं, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मारायचं ते हातावर, डोक्यावर नाही. मागे फिरेल त्याला जाऊ द्यायचं.

"गिरा हुआ आदमी हराम," तो म्हणाला. म्हणजे पडलेल्यावर हात उचलायचा नाही.

पहिल्याचं मनगट माझ्या पाइपखाली मोडलं. आवाज झाला, ओली काठी मोडल्यासारखा. एक दगड वेल्डरच्या कपाळावर बसला. मग मागच्यांच्या रेट्यानं एक सुकडा माणूस दारातच पालथा पडला. ते पाहून मागचे थबकले. काही वळलेही. तेवढ्यात चाचा ओरडला, "खलास! खलास!"

साइटवर दिवसभर हा अरबी शब्द कानावर पडायचा. सिमेंट खलास, सुट्टी खलास. संपलं, पुरे, एवढाच अर्थ. पण घाबरलेला माणूस आपल्या गावच्या कानांनी ऐकतो. आमच्याकडे खलास करणं म्हणजे जीव घेणं. मला तो हुकूमच वाटला. माझा पाइप वर गेला, वेल्डरचाही गेला. चाचानं दोन्ही हातांनी माझा पाइप धरला. वेल्डरचा खाली आला.

बाहेरचे पळाले. त्यांच्यातल्या दोघांनी जाताना बादल्या भरून नेल्या. पडलेला माणूस बराच वेळ घोरल्यासारखा आवाज करत होता. मग तो आवाजही थांबला.

पोलिस ठाण्यात वेल्डर एकच सांगत राहिला, याने सांगितलं म्हणून मारलं. दुभाष्यानं चाचाला विचारलं. चाचा म्हणाला, हो, मी खलास म्हणालो. अधिकाऱ्याला काही उमगेना. त्यानं वेल्डरला विचारलं, हा पुरे म्हणाला, मग तू थांबला का नाहीस?

मी पुढे होऊन आमच्याकडचा अर्थ सांगितला. मलाही तसंच ऐकू आलं, म्हणालो. अधिकाऱ्यानं विचारलं, मग तू का नाही मारलंस? मी चाचाचे तळवे दाखवले. सुजून मूठही वळत नव्हती.

मला सोडलं. वेल्डरला आत नेताना तो चाचाकडे बघून मराठीतच म्हणाला, "मला का नाही धरलंस, म्हाताऱ्या?"

बाहेर आल्यावर चाचानं विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं.

"तू नजदीक था," चाचा म्हणाला आणि सावली बघून खाली बसला.