पाचशे वीसचे पाचशे बारा

डिसेंबरातला तिसरा रविवार. खर्च तीन हजार शंभर रुपये: नांदेडहून आणलेली एक जुनी हार्ड डिस्क आणि ती जोडायचं कार्ड. हजर मी, बायको आणि पशुवैद्यकी शिकणारी आमची लेक.

प्रबंधासाठी लेक दोन वर्षं धनगरांच्या कळपांमागे फिरली होती. मेंढ्यांच्या सडलेल्या खुरांचे फोटो तिनं काढले, ते सगळे एकाच डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती. आणि आठवड्यापासून ती डिस्क टकटक करत होती, म्हणजे कधीही बंद पडेल अशी. लेकीला सोमवारी पहाटे कॉलेजला परत जायचं होतं.

नांदेडची डिस्क कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या यंत्रातून निघालेली, म्हणून स्वस्त. आखाड्यावर, आमच्या शेतातल्या घरी, आणून जोडली, तर कॉम्प्युटर तिचं नाव दाखवी, जागा मात्र शून्य. शोधल्यावर कळलं, की माहिती ठेवायचे तिचे खण, म्हणजे सेक्टर, पाचशे वीस बाइटचे आहेत. आठ बाइट त्या यंत्राच्या स्वतःच्या तपासणीचे. आमच्या कॉम्प्युटरला पाचशे बाराचे खण लागतात. ते बदलता येतात, पण डिस्क पूर्ण पुसून नव्यानं आखावी लागते. त्याला पाचेक तास जातात, आणि मध्ये वीज तुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

"अन् बाबा, चुकून माझीच पुसली तर?"

मी तिची डिस्क काढून टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तरी ती दोनदा कपाट उघडून पाहून आली.

"नवीच घेतली असती तर हे कशाला?" बायको म्हणाली. "तुमचं कायमचंच. पैसे वाचवायचे अन् जीव टांगणीला लावायचा."

सकाळी सातला सुरू केलं. साडेआठला शेतीची थ्री-फेज लाइट आली आणि विहिरीवरची मोटर आपोआप उचलली. रात्री-अपरात्री उठायला नको म्हणून तिला ऑटो मीच बसवलेला, पण त्या दिवशी ध्यानात राहिलं नाही. आमचा आखाडा डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, शेवटच्या खांबाचा; मोटर उचलली की विजेचा दाब पडतो. दिवा मंदावला, कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. डिस्क नुसती चूक दाखवू लागली. लेक उठून पुन्हा कपाटाकडे गेली. ते जास्त लागलं.

आदेश पुन्हा दिला. डिस्कनं तो घेतला, पण शून्यापासून. आता मोटर बंद ठेवायला हवी होती. विहीर माझी आणि थोरल्या चुलतभावाची सामाईक. एक दिवस त्याचं पाणी, एक दिवस माझं. रविवार त्याचा. मी त्याच्या हळदीच्या रानात गेलो.

"दादा, चार वाजेपर्यंत मोटर बंद ठेव."

"काहून? लाइट चारलाच जाते. मग मी काय, तांब्यानं पाणी देऊ?"

"लेकराचं काम हाय. कॉम्प्युटरवर."

"माझी हळद सुकून राहिली, अन् तू पिक्चर बघून राहिला!"

मी खुरांचं सांगितलं. तो फावड्याला टेकून ऐकत राहिला.

"मेंढ्यांच्या पायाचे फोटो? दोन वर्षं?" तो हसला. "बरं. पण उद्याची पाळी मला. परवाची तर माझीच हाय."

म्हणजे माझ्या हळदीला सलग तीन दिवस पाणी नाही. वाफ्यांना आधीच भेगा दिसत होत्या. मी व्हय म्हणालो आणि येता येता मोटरचा स्विच पाडला.

मग बसणं झालं नाही. टक्का पुढे सरकतो का पाहायचं, दाराशी जायचं, कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज बदलला की परत यायचं. बायकोनं मिक्सर लावला तर मी ओरडलो. तिनं चटणी पाट्यावर वाटली, माझ्याकडे न बघता.

दोनच्या सुमारास काम संपलं. जागा पूर्ण दिसली. लेकीनं कपाटातून तिची डिस्क आणली. ती टकटकत चालू झाली, आणि अंधार पडायच्या आत फोटो इकडे आले. सात उघडेनात. लेकीनं नावं पाहिली; त्याच मेंढ्यांचे दुसरे होते. तेव्हा कुठं ती जेवली.

सोमवारी ती गेल्यावर मी बांधावर उभा राहिलो. पाणी भावाच्या हळदीत चाललं होतं. नांदेडच्या दुकानदाराचे तीन हजार शंभर आधीच दिलेले. शेवटी दिली ती पाण्याची एक पाळी, थोरल्या चुलतभावाला.