माझं कोपर आणि आत्याबाईंचे हात

आम्ही सिल्वासाला निघालो त्या सकाळी आत्याबाई घरी नव्हत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे साक्रीच्या बाजूला सासूला आत्याच म्हणतात. गल्लीत कुणाचं तरी बाळ न्हाऊ घालायला गेल्या होत्या. सुरतेची एसटी सुटायला आली तशा धावत आल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. माझं नवं पातळ खराब होईल म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही, लांबूनच म्हणाल्या, "जपीसन राहा." सुरेश, माझा नवरा, खिडकीत तोंड घालून रडला. मी नाही रडले. खोटं कशाला सांगू, मी खूष होते. सासरच्या चुलीपासून सुटले, असं वाटत होतं. आणि आत्याबाई मला कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, तरीसुद्धा.

गल्लीतल्या माझ्या बायांनो, आणि आमच्या मागोमाग सिल्वासाला येऊन सामरवरणीच्या चाळींत राहिलेल्या माझ्या लेकी-जावांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय. तुम्ही सगळ्या माझ्या सासूबद्दल जे बोलता ना, त्याबद्दल.

सुरुवातीची वर्षं मजेची गेली. आपल्याकडे कारखाना कुणी म्हणत नाही, सगळे कंपनीच म्हणतात. सुरेश एका दोऱ्याच्या कंपनीत मशीनवर होता, मी तिथंच पॅकिंगला लागले. सुपरवायझर हिंदीत ओरडायचा, शेजारीण गुजरातीत भांडायची, आणि रूमवर आलं की आमची अहिराणी. महिन्याभरात मी 'चालेल'ला 'चालशे' आणि 'काही नाही'ला 'कशुं नथी' असं ठसक्यात बोलायला लागले. गावी गेले की मुद्दाम बोलायचे, तुम्ही हसायचात. आत्याबाई कौतुकानं बघायच्या. त्यांना वाटायचं, सून साहेबीण झाली.

मग नव्वदनंतर कधीतरी तो दिवस आला. बॉबिनच्या पेट्या उचलून चालले होते, फरशीवर मशीनचं तेल सांडलेलं. घसरले ती उजव्या कोपरावरच. असा आवाज आला की लांब उभ्या असलेल्या पोरी किंचाळल्या. कंपनीच्या जीपमधून वापीला नेलं, ऑपरेशन झालं, प्लास्टर घातलं. दवाखान्याचा खर्च कंपनीनं केला, त्यात काही नाव ठेवायला जागा नाही. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "आता रोज कसरत. फिजिओथेरपी. आणि एक लक्षात ठेव, कोपराला मालिश करायची नाही. तेल नाही, चोळणं नाही, ओढणं नाही. कोपर चोळलं की आत हाड धरतं आणि सांधा कायमचा अडकतो."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. सुरेशलाही सांगितलं, मलाही सांगितलं.

कसरतीला वापीलाच जायचं. तिथली कसरत घेणारी बेन गुजराती, बोलायला गोड आणि हातानं कडक. "दुखशे पण वळशे," म्हणायची आणि हात थोडा थोडा वाकवायला लावायची. देवा रे, काय ते दुखणं! याहून बाळंतपण सोपं असेल असं वाटायचं. काही दिवस गेले आणि मी कंटाळले. सुरेशला म्हणाले, मला गावी सोड, आराम पडला की आपोआप बरं होईल. तो नको म्हणत होता. मी ऐकते कसली!

गावी गेले. आत्याबाईंनी हात बघितला आणि त्यांचा जीव कळवळला. पण हात लावला नाही हो. मीच सांगितलं होतं ना त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते. चार दिवसांनी मीच त्यांच्यापुढं बसले. म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टरला काय कळतंय, तुमच्या हातानं गल्लीभरच्या पोरांची हाडं घट्ट झाली. मला चोळून द्या." त्या म्हणाल्या, "नको माय, डॉक्टर नही म्हनस ना?" मी रडले, रुसले, जेवले नाही. शेवटी त्यांनी तेल कोमट केलं. रोज चोळायच्या. त्यांच्या हाताची ऊब लागली की मला झोप यायची. इतकं बरं वाटायचं की वापीच्या बेनला मी मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

पंधरवडा उलटायच्या आत कोपर दगडासारखं झालं. वाकेना, सरळ होईना. घास तोंडापर्यंत जाईना. वेणी घालायचा तर प्रश्नच नाही. डाव्या हातानं जेवताना मला जी लाज वाटायची, ती कुणाला सांगू.

सिल्वासाला परत आले, तेव्हा स्वयंपाकाला म्हणून आत्याबाईही सोबत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडून. वापीच्या डॉक्टरांनी हात बघताच मालिश झाल्याचं ओळखलं आणि कागदावर तसं लिहिलं. तो घेऊन कंपनीत गेले तर पर्सोनेलचे साहेब, ते आपले पुण्याचे, एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, आम्ही उपचार देत होतो, तुम्ही अर्ध्यात सोडून गेलात. घरी गावठी मालिश करून घेतलीत. आता पुढची जबाबदारी आमची नाही." आणि हात वाकत नाही तर पॅकिंगला ठेवणार तरी कशाला? म्हणजे कसरतही गेली आणि कामही गेलं. कायद्यानं अपघाताची भरपाई मिळायची, पण त्यापुढच्या कसरतीचं काय, हे कुणी धड सांगेना. ते सगळं कंपनीच्या मनावर. आणि आमच्या पगारात वापीची ती कसरत महिनोन्‌महिने? कसलं काय! सुरेशनं लेबर ऑफिसात अर्ज केला.

लेबरचे साहेब गुजराती, पण मराठी कळायचं त्यांना. समोर मी, सुरेश, पर्सोनेलचे साहेब, आणि दाराशी डोक्यावर पदर घेऊन आत्याबाई. आमच्या गावची दोघं माणसंही आपल्या कामासाठी तिथंच बाकावर बसली होती. साहेबांनी कागद बघितले आणि मला विचारलं, "मालिश करायची नाही असं डॉक्टरनी सांगितलं होतं, तरी का केली? तुझ्या मर्जीनं केली ना?"

हो म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. कंपनी तेच म्हणत होती ना, बाईनं स्वतःच हात बिघडवला. मी काही बोलायच्या आत आत्याबाई पुढं आल्या.

"मी करी मालिश, साहेब. ती नको नको करे. रडे. मी ऐकंच नही. हात धरी लिधा आनि चोळं. तिना काय दोष?"

साहेबांनी कागदावरून मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग साहेब हसले. "सासू छे? मग तर बरोबर!" पर्सोनेलचे साहेबही हसले. बाकावरची माणसंही हसली. सगळ्यांना एकदम कोडं सुटल्यासारखं झालं. सासूनं सुनेचा हात धरून चोळला, सून बिचारी रडत राहिली, यात न पटण्यासारखं काय आहे? साहेब कंपनीला म्हणाले, या बाईची चूक नाही, घरच्यांपुढं तिचं काय चालणार, हिची कसरत पुन्हा सुरू करा, हात वळेपर्यंत. पर्सोनेलचे साहेब तयार झाले.

आणि मी? मी मूग गिळून बसले. सुरेशनं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं, आणि तोही गप्प बसला, कारण ती त्याची आई होती आणि मी त्याची बायको होते.

बाहेर आल्यावर मी आत्याबाईंचा हात धरायला गेले. त्यांनी झटकला. "अशी काय पाहस? तुना हात वळाले पाहिजे का नही?" बस, एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मग वापीच्या फेऱ्या. रोज रिक्षात आत्याबाई माझ्याशेजारी. मी आत ओरडायचे, त्या बाहेर बाकावर बसून असायच्या. आमच्या बोलक्या बेननं सगळ्या पेशंट बायकांना सांगून ठेवलेलं, ही ती सासू. बायका त्यांच्याकडं बघून कुजबुजायच्या. आत्याबाईंना गुजराती कळत नव्हतं, पण ते बघणं कळायला भाषा कशाला लागते? तरी रोज यायच्या. हात हळूहळू सुटला. पूर्ण नाही, पण कामापुरता. ज्या दिवशी उजव्या हातानं पहिला घास तोंडात गेला, त्या दिवशी आत्याबाई चुलीकडं तोंड करून बसल्या आणि कितीतरी वेळ वळल्याच नाहीत. मी पुन्हा पॅकिंगला लागले. त्या गावी गेल्या.

आणि त्यांच्याआधी बातमी गेली होती. बाकावरच्या त्या दोघांनी गावभर केली. सिल्वासाच्या साहेबापुढं म्हातारीनं कबूल केलं म्हणे, सुनेचा हात मोडला म्हणे! चोळण्याचं मोडणं कधी झालं, कुणाला कळलंही नाही. बायांनो, तुम्ही त्यांना तोंडावर काही बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. फक्त बोलावणं बंद केलंत. मंगलाच्या बाळाला खालच्या आळीतली दुसरी बाई लावलीत. मग शोभाच्या. आत्याबाईंनी आम्हाला कळवलं, "आते वय झायं, पाय लांब करी बसवत नही." मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. दिवाळीला गेले तेव्हा पहाटे शेजारच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. आत्याबाई अंथरुणात उठून बसल्या, पदर खोचला आणि मग तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी मला सगळं कळलं. मला तिथंच धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

माझी मुलगी झाली तेव्हा मी मुद्दाम गावी आले. म्हटलं, तिला आत्याबाईच न्हाऊ घालतील, सगळ्या गल्लीनं बघू दे. त्यांनी पाणी तापवलं, धुरी केली, सगळं केलं. पण बाळाला तेल लावायला शेजारच्या बाईला हाक मारली. मी हट्ट केला, हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "उद्या पोरीले काही झायं ते गाव तुले बी नावं ठेवी." म्हणजे तेव्हाही काळजी माझीच.

मग शेवटी बाया बाळाला बघायला जमलेल्या असताना मी सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी कशी रुसले, जेवले नाही, कसं मीच तेल लावायला लावलं, सगळं. बोलता बोलता रडले. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलंत. आणि मग मंगलाची सासू काय म्हणाली? "सून असावी तर अशी. एवढं सोसलं, तरी सासूचं नाव सांभाळते." तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शपथा घेतल्या, तर तुम्ही मलाच समजावलंत.

बाया गेल्यावर आत्याबाईंनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता तरी मला जवळ घेतील, निदान रागावतील. त्या घाबरलेल्या होत्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "येडी व्हयनी का तू? कंपनीना कानवर गयं ते? तुनी नोकरी जाई ना!"

इतक्या वर्षांनी! साहेब बदलले, कंपनीचा मालक बदलला, ते कागद कुठल्या कपाटात सडले असतील देव जाणे. मी समजावलं, आता कुणी काही करू शकत नाही. त्यांना पटलं नाही. माझ्याकडून लेकीच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं, पुन्हा कुणाला सांगायचं नाही. आता हे लिहून मी तेही मोडतेय.

आम्ही आता सामरवरणीत स्वतःच्या दोन खोल्या घेतल्यात. लेक मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरते, गावाला 'मामाचं नाही, दादीचं गाव' म्हणते. कुणी विचारलं घर कुठलं, तर तोंडातून सिल्वासाच निघतं. इथं मी कंपनीतली जुनी बाई आहे, बरी-वाईट जी आहे ती आहे. गावी गेले की तुम्ही मला गुणाची सून म्हणता, पाट देता, चहा देता. आत्याबाई आत चुलीपाशी बसून ऐकत असतात. मी चहा पिते.